विज्ञानाला सभागृह हवे, किनाराही हवा

चेन्नईत ‘म्युझिक अकादमी’ म्हटले की मार्गळी महिना डोळ्यांपुढे येतो. डिसेंबरच्या मध्यापासून रंगणाऱ्या कर्नाटक संगीताच्या मैफली, दुपारपासून खुर्च्या धरून बसलेले नेमाचे श्रोते, मांडीवर हाताने दिलेला ताल आणि कॅन्टीनमधली फिल्टर कॉफी. १९२८ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या मंचावर बसायला मिळणे हा दक्षिणेतल्या गायक-वादकांना आयुष्यभराचा मान वाटतो. २०१६ साली त्याच मंचावर गणितज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ आणि जीवशास्त्रज्ञ उभे राहिले. तरमणी भागातल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस’ने सुरू केलेल्या या कार्यक्रमाचे नावही साजेसे आहे: ‘सायन्स ॲट द सभा’. संगीतसंस्थेला चेन्नईत ‘सभा’च म्हणतात. एकाच बैठकीत ओळीने अनेक व्याख्याने, विषय एकमेकांपासून लांबचे, आणि दार सर्वांना उघडे.

मराठी वाचकाने हे चित्र पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात किंवा दादरच्या शिवाजी मंदिरात मांडून पाहावे. जिथे नाटकाची पाटी लागते तिथे त्या संध्याकाळी ‘मूळ संख्या’ किंवा ‘पेशींची भाषा’ अशी पाटी, आणि आत आजोबा, नातवंडे, बँकेतून निवृत्त झालेल्या काकू, बारावीच्या उंबरठ्यावरची मुले.

जागेचा हा मान फार मोलाचा आहे. संशोधन संस्थांच्या आवारात व्याख्याने होतच असतात. पण फाटकावरचा पहारेकरी, नोंदवही, ‘कोणाकडे जायचे आहे?’ हा प्रश्न यापाशीच सामान्य माणूस बिचकतो. आपण इथे परके आहोत, हे त्याला आत शिरण्याआधीच जाणवते. सभागृहाचे तसे नसते. तिथला जिना, तिथल्या खुर्च्या, मध्यंतराची घंटा हे सारे त्याच्या ओळखीचे असते. गाणे कळत नसतानाही तो तिथे पूर्वी जाऊन बसलेला असतो, आणि न कळलेले ऐकत राहिल्यानेच हळूहळू कळू लागते हे त्याने अनुभवलेले असते. विज्ञानाच्या श्रोत्यालाही हीच मुभा हवी. पहिल्या दिवशी सगळे समजलेच पाहिजे, हा शाळेचा हट्ट आहे आणि त्या हट्टाने कितीतरी माणसे विज्ञानापासून कायमची दुरावली आहेत.

मद्रासला ही परंपरा नवी नाही. १७९२ साली नुंगमबाक्कमला वेधशाळा उभी राहिली. तिथला ग्रॅनाइटचा स्तंभ आजही हवामान केंद्राच्या आवारात आहे आणि त्यावर तमिळ-तेलुगूतही मजकूर कोरलेला आहे. याच वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी नावाचे साहाय्यक काम करत. १८६७ साली त्यांनी आर रेटिक्युली या ताऱ्याचे तेज कमी-जास्त होते हे शोधून काढले आणि १८७२ साली ते लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे फेलो झाले. पण त्यांची खरी थोरवी दिसते ती ९ डिसेंबर १८७४ या तारखेभोवती. त्या दिवशी शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता. एवढा दुर्मीळ योग फक्त साहेबांच्या दुर्बिणीपुरता राहू नये म्हणून रघुनाथाचारींनी त्यावर संवादाच्या रूपात पुस्तिका लिहिली. तिच्या इंग्रजीखेरीज उर्दू आणि कन्नड आवृत्त्याही निघाल्या. पंचांग जाणणाऱ्या माणसाच्या मनात जे प्रश्न येतील तेच घेऊन त्यांची उत्तरे द्यायची, ही त्यांची रीत. लोकांना अडाणी ठरवून त्यांनी सुरुवात केली नाही. लोकांना जे आधीच ठाऊक होते, तिथून त्यांनी बोट धरले. विज्ञान लोकांपर्यंत नेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट वाचावी. योगायोग असा की पुढच्याच वर्षी, १८७५ साली, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली.

तरमणीच्या त्या संस्थेचा जन्मही चर्चेच्या बैठकीतूनच झाला. भौतिकशास्त्रज्ञ अल्लाडि रामकृष्णन मैलापूरच्या आपल्या ‘एकाम्र निवास’ या राहत्या घरी सैद्धांतिक भौतिकीच्या बैठका घेत. विद्यार्थी जमत, देशोदेशीचे पाहुणे येऊन बोलत. १९६० साली नील्स बोर भारतात आले असताना त्यांनी हा उद्योग पाहिला आणि त्याचे कौतुक पंडित नेहरूंच्या कानी गेले. ३ जानेवारी १९६२ रोजी संस्थेचे उद्घाटन झाले तेव्हा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हजर होते. दिवाणखान्यातल्या सतरंजीवरून सुरू झालेली संस्था अर्धशतकानंतर सभेच्या मंचावर आली, याला मोठा अर्थ आहे. चर्चेची भूक ज्यांना लागलेली असते ते इमारतीची वाट पाहत बसत नाहीत.

व्याख्यान ही मात्र अर्धीच गोष्ट. चेन्नईची दुसरी अर्धी गोष्ट रात्री अकराच्या सुमारास नीलांकरैच्या वाळूवर सुरू होते.

जानेवारी ते मार्च-एप्रिल हा ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालण्याचा हंगाम. मद्रासच्या किनाऱ्यावर रात्री चालत कासवांची घरटी शोधण्याचा प्रघात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी पाडला. सतीश भास्कर हे त्यांतले एक. पुढे त्यांनी देशभरातले कितीतरी किनारे पायी तुडवून कासवांच्या नोंदी केल्या. लक्षद्वीपच्या सुहेली बेटावर ते १९८२च्या पावसाळ्यात एकटेच राहिले होते, तेव्हा त्यांनी पत्नीला लिहिलेले पत्र बाटलीत घालून समुद्रात सोडले आणि ते श्रीलंकेत एका कोळ्याला सापडून तिच्यापर्यंत पोचले. १९८८ साली किनारा चालण्याचे काम विद्यार्थ्यांनी हाती घेतले आणि ‘स्टुडंट्स सी टर्टल कॉन्झर्व्हेशन नेटवर्क’ उभे राहिले. तेव्हापासून दर हंगामात नीलांकरैपासून बेझंट नगरपर्यंतचा साधारण सात किलोमीटरचा किनारा रात्रभर चालला जातो. कॉलेजची पिढी बदलते, चालणे थांबत नाही. शनिवार-रविवारच्या आसपास सामान्य नागरिकांनाही सोबत घेतले जाते. निघण्याआधी वाळूवरच बसून माहिती सांगितली जाते. मग टॉर्च बंद, फोन खिशात.

घरटे सापडते तेव्हा काय होते, हे जवळून पाहण्याजोगे आहे. ओल्या वाळूवर समुद्राकडून वर आलेली आणि पुन्हा पाण्याकडे गेलेली अशी कासविणीची जोडवाट असते. जिथे ती वळते तिथली वाळू विस्कटलेली आणि भुसभुशीत असते. अनुभवी कार्यकर्ता काठीने हलकेच चाचपतो. काठी एके ठिकाणी सहज आत गेली की हाताने उकरायला सुरुवात होते. साधारण हातभर खोल, वर अरुंद आणि खाली गोल असा तो खड्डा मादीने मागच्या वल्ह्यांनी खणलेला असतो, डोळ्यांनी न पाहता. आत शंभराच्या आसपास अंडी, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, पण दाबली तर जराशी दबणारी. ती एकेक मोजून पिशवीत ठेवायची, उलटी-सुलटी होऊ द्यायची नाहीत, खड्ड्याची खोली मोजायची आणि बेझंट नगरच्या हॅचरीत तेवढ्याच खोलीचा, त्याच आकाराचा खड्डा करून पहाटेपूर्वी पुन्हा पुरायची. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. त्यांच्यातला नर कोण आणि मादी कोण हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त.

या एका रात्रीत किती विज्ञान आले पाहा. पिल्लांना जिकडे उजेड तिकडे समुद्र वाटतो, म्हणून किनाऱ्यावरचे विजेचे दिवे त्यांना रस्त्याकडे ओढतात. हे ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याला प्रकाशाचे प्रदूषण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तापमान आणि लिंग यांचा संबंध कळला की हवामानबदल ही कुठल्या तरी दूरच्या परिषदेतली गोष्ट राहत नाही. शाळेच्या धड्यातून हे सगळे मिळते, पण परीक्षेनंतर उरत नाही. पहाटे चारला वाळूने भरलेल्या चपला हातात घेऊन बेझंट नगरला पोचलेला सतरा वर्षांचा मुलगा ते सहसा विसरत नाही.

‘सुखवस्तू लोकांचा हा छंद, त्याने काय साधते?’ असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर जानेवारी २०२५ने दिले. चेन्नई आणि आसपासच्या किनाऱ्यावर त्या महिन्यात शेकडो कासवे मरून पडली. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिले की ते गुदमरते. किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांच्या आत ट्रॉलरने मासेमारी करू नये असा नियम आहे आणि कासवाला बाहेर पडता यावे अशी जाळ्याची रचनाही उपलब्ध आहे. मेलेली कासवे पहाटे मोजून, त्यांच्या नोंदी ठेवून, ‘हे नेहमीचे नाही’ असे ठामपणे कोण म्हणू शकले? वर्षानुवर्षे तोच किनारा चालणारे. नेहमीचे काय असते हे ज्यांना ठाऊक असते, तेच अघटित ओळखतात. बातमी झाली, न्यायालयात आणि सरकारदरबारी विचारणा झाली, ती या नोंदींच्या बळावर. कुठल्याही शहराला असे साक्षीदार हवेत, आणि ते सरकारी आदेशाने तयार होत नाहीत.

चेन्नईत अशा साक्षीदारांची दुसरी शाळा म्हणजे ‘मद्रास नॅचरलिस्ट्स सोसायटी’. १९७८ साली स्थापन झालेली ही संस्था व्याख्याने आणि पक्षिनिरीक्षणाच्या फेऱ्या, दोन्ही नेमाने करत आली आहे. ‘ब्लॅकबक’ हे तिच्या नियतकालिकाचे नाव, म्हणजे आपला काळवीट. नाव उगीच दिलेले नाही. शहराच्या पोटात, राजभवन आणि आयआयटी यांना लागून, जेमतेम २.७ चौरस किलोमीटरचे गिंडी राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे आजही काळवीट चरतात. एवढ्या तुकड्यात कोरड्या सदाहरित झुडपी जंगलाचा एक अंश जिवंत राहिला. निसर्गलेखक एम. कृष्णन यांनी ‘द स्टेट्समन’मध्ये १९५० पासून १९९६ साली निधन होईपर्यंत स्तंभ लिहिला. मद्रासमध्ये राहणारा हा माणूस खार आणि कावळ्यावरही तितक्याच आस्थेने लिहीत असे. अंगणातला पक्षीही अभ्यासाचा विषय असतो, हे शहरी वाचकाला त्यांनी जवळजवळ अर्धे शतक सांगितले. आज पोंगलच्या सुटीत तमिळनाडूभर पक्षी मोजले जातात. २०१५ पासून चाललेली ही गणना त्याच वळणाची.

पळ्ळिकरणैची दलदल हे मात्र दुखरे उदाहरण आहे. एके काळी हजारो हेक्टर पसरलेल्या या पाणथळीवर रस्ते, आयटी कंपन्यांच्या इमारती, वसाहती आणि पेरुंगुडीचा कचरा डेपो येऊन बसला. उरलेल्या भागात रोहित पक्षी उतरतात आणि काठावर कचऱ्याचे डोंगर दिसतात. २०१५च्या पुरात दक्षिण चेन्नई बुडाली तेव्हा पावसाचे पाणी जिथे साठायचे ती जागा आपण काय केली, हा प्रश्न लोकांना पहिल्यांदा टोचला. ‘केअर अर्थ ट्रस्ट’च्या जयश्री वेंकटेशन यांच्यासारखे अभ्यासक त्याच्या कितीतरी आधीपासून दलदलीचे मोजमाप करून हेच सांगत होते. २०२२ साली पळ्ळिकरणै आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या, म्हणजे रामसर स्थळांच्या यादीत गेली. तो दर्जा मिळण्यामागे शास्त्रीय अहवाल होते, तसेच रविवारी सकाळी दुर्बीण गळ्यात अडकवून तिथे जाणारी, ‘ही पडीक जमीन नाही’ असे शेजाऱ्यांना सांगणारी साधी माणसेही होती.

एवढे कौतुक केल्यावर उणेही सांगायला हवे. चेन्नईतले हे वैभव बहुतांशी दक्षिण चेन्नईचे आहे. अड्यार, मैलापूर, बेझंट नगर. जिथे झाडी आहे, ग्रंथालये आहेत, इंग्रजी आहे, तिथेच व्याख्याने आणि तिथेच निसर्गफेऱ्या. उत्तरेला एन्नूरची खाडी आहे, कोसस्थलैयार नदीचे मुख आहे, खारफुटी आहे, आणि त्यांच्याच अंगावर औष्णिक वीजकेंद्रांची राख पडते. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुराबरोबर मनलीच्या औद्योगिक पट्ट्यातून तेल खाडीत उतरले. झोळीवाल्या पाणकोळ्यांचे पंख तेलाने माखले आणि कोळ्यांच्या होड्या, जाळी निकामी झाली. निसर्गफेरी फक्त सुंदर जागी काढायची असा नियम कुठे आहे? एन्नूरच्या काठावर शाळकरी मुलांना नेऊन पाणी, राख आणि खेकडे दाखवणे, हे विज्ञानशिक्षण पक्षिनिरीक्षणाइतकेच आवश्यक आहे. युवन एव्हज यांच्यासारखे तरुण निसर्गशिक्षक आणि त्यांच्यासोबत वाढलेली मुले किनाऱ्यांच्या बाजूने उभी राहतात, ती आशेची गोष्ट आहे. पण हा प्रवाह अजून बारीक आहे.

भाषेचा प्रश्न त्याहून अवघड. सभेतली व्याख्याने प्रामुख्याने इंग्रजीत होतात. ‘तमिळनाडू सायन्स फोरम’ने १९८० पासून उलटी वाट धरली. तमिळमध्ये व्याख्याने, गावोगावी जथे, मुलांसाठी ‘तुळिर’ हे मासिक. दोन्ही वाटा एकाच शहरात आहेत, पण त्यांची गाठ क्वचित पडते. म्युझिक अकादमीत एका वर्षी सगळी व्याख्याने तमिळमध्ये व्हावीत आणि ती ऐकायला उत्तर चेन्नईतल्या महापालिका शाळांच्या बस याव्यात. असे झाले तर त्या कार्यक्रमाच्या नावातला ‘सभा’ हा शब्द सर्वार्थाने खरा ठरेल.

आणि मंचावर कोणी बसावे, याचाही विचार व्हावा. कासवफेरी ज्या किनाऱ्यावरून जाते तिथे ऊरूर कुप्पमसारखे कोळीवाडे आहेत. तिथले जुने मच्छीमार वाऱ्यांना दिशेप्रमाणे नावे देतात. उत्तरेचा तो वाडै, पूर्वेचा तो कोंडल. कोणत्या वाऱ्यात प्रवाह कुठे वळतो, पाण्याचा रंग कधी बदलतो, कोणती मासळी कधी वर येते, हे त्यांना पिढ्यांच्या निरीक्षणातून ठाऊक असते. समुद्रशास्त्राच्या व्याख्यानानंतर अर्धा तास अशा मच्छीमाराला दिला तर व्याख्यात्यालाही वहीत टिपून घेण्यासारखे काही मिळेल. रघुनाथाचारींनी पंचांगवाल्यांशी संवाद साधला होता. तो दीडशे वर्षांपूर्वीचा धडा कोळ्यांच्या बाबतीतही लागू आहे.

महाराष्ट्रात काय नाही? सगळे आहे, सुटे सुटे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान सांगते आहे. जयंत नारळीकरांनी ‘आयुका’च्या रूपाने संशोधनाचे दार शाळकरी मुलांसाठी उघडले. राष्ट्रीय विज्ञान दिनी तिथे लागणाऱ्या रांगा पुणेकरांना परिचित आहेत. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक २००९ पासून ‘चाय अँड व्हाय?’ घेऊन जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये येतात, चहा पीत प्रश्नांना उत्तरे देतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी तर १८८३ची. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’वाले ओहोटीच्या वेळी हाजी अली आणि गिरगावच्या खडकांत लोकांना समुद्री जीव दाखवतात. वेळासला गावकऱ्यांच्या साथीने कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला मिळतात. माहीमचे निसर्ग उद्यान तर कचराभूमीवरच उभे राहिले आहे. पेरुंगुडीला ते दाखवायला हवे.

उणीव आहे ती नेमाची, आणि मुंबई-पुण्याबाहेर पोचण्याची. गोदावरीच्या पुराचे विज्ञान नाशिककराने कुठे ऐकायचे? लोणार अशनीच्या आघाताने तयार झाले हे शाळेत सांगतात, पण बुलढाण्याच्या नाट्यगृहात त्यावर एखादी संध्याकाळ होते का? कोल्हापूरच्या रंकाळ्यावर जलपर्णी का माजते, यावर व्याख्यान आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाकाठी फेरी, असे जोडून का होऊ नये? भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते तो शून्य सावलीचा दिवस तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाला वर्षातून दोनदा मिळतो. चेन्नईत तो एप्रिलच्या अखेरीस आणि ऑगस्टमध्ये येतो, मुंबई-पुण्यात मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. उभी काठी आणि मोकळे मैदान, एवढेच साहित्य लागते. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे, याचा याहून स्वस्त पुरावा नाही.

यासाठी नवी इमारत किंवा नवे मंडळ काढण्याची गरज नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी महापालिकेची, नगरपालिकेची नाट्यगृहे आहेत आणि आठवड्यातल्या कितीतरी सकाळी ती रिकामी असतात. महिन्यातली एक सकाळ विज्ञानासाठी, विनाभाडे, वर्षभराची तारीख आधीच जाहीर करून राखून ठेवावी. व्याख्यान मराठीत असावे. व्याख्याता जवळच्या विद्यापीठातला असावा आणि त्याच्याबरोबर त्या गावातला एखादा शेतकरी, कोळी, विहीर खणणारा किंवा सर्पमित्रही मंचावर असावा. आणि पुढच्याच रविवारी त्या विषयाची फेरी निघावी. नदी, डोंगर, ओढा, कचराभूमी, जे गावाजवळ असेल तिथे. नगरसेवकांनी हा ठराव मांडावा. ते मांडत नसतील तर नागरिकांनी त्यांच्याकडे अर्ज द्यावा. आणि येत्या जानेवारी ते मार्चमध्ये चेन्नईला जाणे झाले तर मरीनाचा फोटो काढून परतू नये. एक रात्र नीलांकरैच्या किनाऱ्यासाठी ठेवावी, मुलांना सोबत न्यावे आणि टॉर्च घरीच ठेवावा.